खोट्या नांवाखालीं खरें यंत्र

नकली घड्याळांत अस्सल यंत्र बसविलें म्हणजे तें घड्याळ अस्सल होतें, निदान अस्सलाच्या पंक्तीस बसण्याइतकें शुद्ध होतें, असें एक नवें प्रायश्चित्तशास्त्र सुशिक्षित तरुणांत अलीकडे रूढ होऊं पाहत आहे. हे तरुण अडाणी नाहींत, आणि सामान्य अर्थानें लबाडही नाहींत. त्यांतले कांहीं आमच्याच वर्गांत बसून गेलेले आहेत. एरव्हीं कोणी बनावट पदवी लावून मिरवूं लागला तर त्याच्यावर तुटून पडणारी ही मंडळी स्वतःच्या मनगटावरील बनावट नांवाविषयीं मात्र इतकी निश्चिंत कां असतात, हें शोधूं गेल्यास त्या निश्चिंतपणाच्या मुळाशीं एक युक्तिवाद आढळतो. तो युक्तिवाद हुषारीचा आहे, आणि म्हणूनच त्याची दखल घेणें आम्हांस अवश्य वाटतें.

वस्तु कोणती तें प्रथम सांगितलें पाहिजे. रोलेक्स कंपनीनें १९५३ सालीं 'सबमरीनर' नांवाचें पाणबुड्यांचें घड्याळ निर्माण केलें. काळी तबकडी, अंधारांत चमकणारे ठळक ठिपके, पाण्याखालीं किती मिनिटें गेलीं हें मोजण्यासाठीं कांचेभोंवतीं फिरणारें कडें, आणि नळीवर आटे फिरवून घट्ट बसविण्याची चावी, असें त्याचें स्वरूप. त्याच वर्षीं ब्लांपें या घराण्यानेंही 'फिफ्टी फॅदम्स' हें अशाच कामाचें घड्याळ काढलें. पण जगाच्या डोळ्यांत भरलें तें रोलेक्सचें, आणि जें डोळ्यांत भरतें त्याची नक्कल होते. आज या घड्याळाच्या नकला मुख्यतः चीनमध्यें तयार होतात. मुंबईच्या बाजारांत त्यांतल्या वरच्या प्रतीच्या मालास 'फर्स्ट कॉपी' असें भारदस्त नांव आहे. खोटेपणांतही पहिला वर्ग असतो हें या शब्दानें आम्हांस शिकविलें.

नक्कल घेऊन ती निमूटपणें वापरणारा मनुष्य हा या लेखाचा विषय नव्हे. घड्याळ खोटें असल्याचें त्यास ठाऊक असतें, आणि तें तो फारसें नाकारीतही नाहीं. आमचा विषय त्याच्यापुढें एक पायरी चढलेला गृहस्थ आहे. हा नकली घड्याळाचें मागचें झांकण उघडतो, चावीची दांडी सोडवितो, आंतलें चिनी यंत्र बाहेर काढतो आणि त्याच्या जागीं ईटीए या स्विस कारखान्याचें २८३६-२ हें यंत्र बसवितो. काम वाटतें तितकें सोपें नाहीं. हें यंत्र २५.६ मिलिमीटर व्यासाचें व ५.०५ मिलिमीटर जाडीचें आहे; उलट मूळ सबमरीनरच्या तारीखवाल्या घड्याळांत सुमारें १९८८ पासून २०२० पर्यंत जें ३१३५ क्रमांकाचें यंत्र असे, त्याचा व्यास २८.५ व जाडी ६ मिलिमीटर. तेव्हां नक्कल या दुसऱ्या मापावर घडविलेली असल्यास मधल्या पोकळींत धातूचें कडें घालून नवें यंत्र पक्कें करावें लागतें. २८३६ हें तारखेबरोबर वारही दाखवितें. सबमरीनरच्या तबकडीस वाराची खिडकी नाहीं, म्हणून वाराची चकती उतरवून ठेवावी लागते. तबकडीच्या पाठीवर जे बारीक पाय असतात ते एका यंत्रासाठीं बेतलेले दुसऱ्याच्या भोकांत बसतीलच असें नाहीं. कांट्यांचीही तीच कथा. या यंत्राचा तासकांटा दीड मिलिमीटरच्या, मिनिटकांटा नऊ दशांश मिलिमीटरच्या आणि सेकंदकांटा पाव मिलिमीटरच्या खुंटीवर बसतो. पाव मिलिमीटरच्या खुंटीवर कांटा न वांकवितां, तबकडीस न घासतां, बरोबर बाराच्या रेघेवर बसविणें म्हणजे काय, हें ज्यानें एकदां करून पाहिलें असेल तोच जाणे. शिवाय चावीची दांडी यंत्रांतून ज्या उंचीवर बाहेर येते त्याच उंचीवर केसची नळी नसेल, तर दांडी एका अंगास घासत राहते आणि कालांतरानें दगा देते.

हें सारें आम्ही मुद्दाम तपशिलानें सांगितलें. ज्या मनुष्यानें सुटीच्या दिवशीं भिंग डोळ्यास लावून, श्वास रोखून हें काम स्वतःच्या हातानें केलें, त्याच्या कौशल्याविषयीं आमच्या मनांत आदर आहे. आमच्या शिक्षणानें आम्हांस हातानें काम करावयास शिकविलें नाहीं. खिळा ठोकावयाचा तरी सुतारास बोलावणाऱ्या वर्गांत आम्ही वाढलों. त्या वर्गांतला तरुण जर बॅलन्सच्या केसासारख्या कमानीशीं खेळूं लागला असेल तर तें शुभचिन्हच होय. तक्रार आहे ती त्या कामाचें जें समर्थन तो करतो त्याविषयीं.

त्याचें समर्थन असें. घड्याळ म्हणजे काय? वेळ मोजणारें यंत्र. आंतलें यंत्र आतां अस्सल स्विस आहे, २५ माणकांचें आहे, तासास २८,८०० ठोके देतें, म्हणजे मूळ रोलेक्सइतकेच. ज्या कारखान्यांत तें झालें त्याच कारखान्याचीं यंत्रें मोठमोठ्या नांवांच्या घड्याळांत असतात. पुढें तो कांचही बदलतो, चावीही बदलतो, कड्यावरील आंकड्यांची चकतीही बदलतो. मग खोटें उरलें काय? थोडें पोलाद आणि तबकडीवरची अक्षरें. आत्मा अस्सल आहे, देह तेवढा नकली. आणि देहाला इतकें महत्त्व कशास द्यावयाचें? वेदान्ताचा असा उपयोग आद्य शंकराचार्यांसही सुचला नसता.

या पूर्वपक्षास उत्तर देण्यासाठीं दूर जाण्याचें कारण नाहीं. रोलेक्सच्याच इतिहासांत तें आहे. हान्स विल्सडॉर्फ या मूळच्या बव्हेरियाच्या गृहस्थानें १९०५ सालीं लंडनमध्यें आपल्या मेहुण्याच्या भागींत घड्याळांचा व्यापार मांडला, आणि १९०८ सालीं 'रोलेक्स' हें नांव नोंदविलें. यंत्रें त्याचीं नव्हतीं. तीं स्वित्झर्लंडांतील बील येथील एग्लर या घराण्याच्या कारखान्यांतून येत. पुढें तो कारखाना रोलेक्सशीं इतका एकजीव झाला कीं त्यास रोलेक्सचेंच नांव पडलें. तरी जिनीव्हाच्या कंपनीनें तो विकत घेतला तो २००४ सालीं. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षें रोलेक्सचें यंत्र मालकीच्या काटेकोर अर्थानें दुसऱ्याच्या घरचें होतें. तेवढ्यावरून तीं घड्याळें खोटीं होतीं असें कोणी म्हणालें नाहीं, आणि म्हणूंही नये.

याहून बोलकें उदाहरण ट्यूडर घड्याळांचें आहे. हीं घड्याळेंही विल्सडॉर्फचींच निर्मिति. रोलेक्सपेक्षां कमी किमतींत, पण रोलेक्सच्या मजबुतीचें घड्याळ लोकांस मिळावें हा त्यांचा हेतु. ट्यूडरचा सबमरीनर १९५४ सालीं निघाला. १९९० च्या आसपास विकल्या जाणाऱ्या ट्यूडर सबमरीनरांत केस रोलेक्सची, चावीवर मुकुट रोलेक्सचा आणि आंत यंत्र ईटीएचें २८२४-२, अशी रचना होती. हें यंत्र आमच्या मित्रांच्या २८३६ चें सख्खें भावंड होय. आमचे मित्र रात्री जागून जें मिश्रण साधतात, म्हणजे सबमरीनरचें शरीर आणि ईटीएचें हृदय, तें खुद्द त्या घराण्यानें उघडपणें दुकानांत मांडलें होतें. फरक एवढाच कीं त्याच्या तबकडीवर ट्यूडर असें लिहिलें होतें. ईटीएचें यंत्र घातलें म्हणून तें घड्याळ रोलेक्स झालें नाहीं, आणि रोलेक्स नव्हतें म्हणून तें खोटेंही ठरलें नाहीं. खरेंखोटेंपणाचा निर्णय यंत्रानें होत नाहीं हें यावरून स्पष्ट व्हावें. तो निर्णय तबकडीवरील नांवानें होतो, कारण वस्तूवरील नांव म्हणजे तिच्या द्रव्याचें वर्णन नव्हे. ती कोणी तरी दिलेली साक्ष असते. 'ही वस्तु आम्ही केली, आम्ही तपासली, आणि ती बिघडली तर आम्ही जबाबदार' असें तें नांव सांगत असतें. यंत्र बदलल्यानें ती साक्ष खरी होत नाहीं. मूळ नकलेंत ती जितकी खोटी होती तितकीच ईटीए बसविल्यानंतर खोटी राहते. किंबहुना थोडी अधिकच, कारण आतां तिला एक विश्वासार्ह पुरावा जोडला गेला आहे.

साहित्याच्या वाचकांस हा प्रश्न नवा नाहीं. अठराव्या शतकांतील इंग्रज पोर टॉमस चॅटर्टन यानें ब्रिस्टलमध्यें बसून जुन्या धर्तीच्या कविता रचल्या आणि त्या पंधराव्या शतकांतील रौली नांवाच्या धर्मोपदेशकाच्या म्हणून पुढें केल्या. तो १७७० सालीं, वयाच्या सतराव्या वर्षीं मेला. त्याच्या कवितांत खरी प्रतिभा होती हें पुढील पिढीच्या थोर कवींनीं मान्य केलें. पण रौली मात्र त्या प्रतिभेमुळें खरा झाला नाहीं. कविता चॅटर्टनच्या म्हणून वाचल्या जाऊं लागल्या तेव्हांच त्यांस त्यांची खरी किंमत आली. आमच्या तरुण मित्रांचें सारें कौशल्य असेंच एका रौलीच्या नांवावर जमा होत आहे. ज्या हातानें पाव मिलिमीटरच्या खुंटीवर कांटा बसविला त्या हाताचा त्या घड्याळावर कोठेंही उल्लेख नसतो, आणि ज्यांचा त्यांत कसलाही हात नाहीं त्यांचा मुकुट मात्र बाराच्या आंकड्याच्या जागीं झळकत असतो. स्वतःच्या कामाची एवढी अवहेलना दुसऱ्या कोणीं केली असती तर त्यांस राग आला असता.

कोणी येथें थीसियसच्या जहाजाचें उदाहरण देतात: एकेक फळी बदलत गेल्यावर जहाज तेंच राहिलें कीं दुसरें झालें? उदाहरण ग्रीक असल्यामुळें त्यास वजन येतें, पण तें येथें लागू नाहीं. तें जहाज आरंभीं थीसियसचें होतें. प्रश्न होता तो तें त्याचें राहिलें कीं नाहीं हा. येथें आरंभींच जहाज थीसियसचें नाहीं. कितीही फळ्या बदलल्या तरी तो तींत चढलाच नव्हता.

आतां सुधारणांचीच यादी तपासूं, कारण तींत बरेंच कांहीं उघडें पडतें. नकली घड्याळांत बदलले जाणारे भाग दोन जातींचे असतात. कांहीं घड्याळास उपयोगी पडतात: चांगलें यंत्र, ओरखडे न पडणारी सफायरची कांच, नवे रबरी वॉशर, आटे नीट पाडलेली नळी, रात्री दीर्घकाळ प्रकाशणारा लेप. यांविरुद्ध आम्हांस एक अक्षरही बोलावयाचें नाहीं. पण उत्साहाचा मोठा भाग यांवर खर्च होत नाहीं. तो खर्च होतो तारखेवरील भिंगावर, कारण मूळचें भिंग अंक अडीच पट मोठा दाखवितें आणि नकलेचें बहुधा त्याहून कमी. तो खर्च होतो तारखेच्या अंकांच्या वळणावर. तबकडीच्या भोंवतालच्या आंतल्या कडेवर कोरलेल्या कंपनीच्या नांवावर, आणि त्या नांवांतलीं अक्षरें मिनिटांच्या रेघांशीं जुळतात कीं नाहीं यावर. कांचेंत सहाच्या आंकड्यापाशीं अतिसूक्ष्म कोरलेल्या, नुसत्या डोळ्यांस क्वचितच दिसणाऱ्या मुकुटावर. अस्सल चावी, अस्सल कड्याची चकती शोधून, मोठी रक्कम मोजून आणली जाते. आम्ही विचारतों, यांतल्या कोणत्या भागानें घड्याळ सेकंदभर अधिक बरोबर चालतें? कोणत्या भागानें पाण्याचा एक थेंब बाहेर राहतो? कांचेंतला तो सूक्ष्म मुकुट कंपनीनें बसविला तोच मुळीं नकला ओळखतां याव्यात म्हणून. तो नकलेंत आणणें याला सुधारणा म्हणावयाचें तर नोटेवरील जलचिन्ह साधणाऱ्यालाही कलावंत म्हणावें लागेल. वेळ राखणारे भाग आणि सोंग राखणारे भाग एकाच यादींत, एकाच अभिमानानें लिहिले जातात, आणि पहिल्यांच्या पुण्याईवर दुसऱ्यांचें पाप झांकलें जातें.

सर्वांत गंभीर गोष्ट मात्र तबकडीच्या खालच्या अर्ध्यांत एका ओळींत लिहिलेली असते: हजार फूट, तीनशें मीटर. नांवाचें खोटें फार तर एखाद्याच्या खिशास भोवेल. हें दुसरें खोटें तितक्यावर थांबत नाहीं. समुद्रांत दर दहा मीटर खोलीस सुमारें एक वातावरणाचा दाब वाढतो. तीनशें मीटरवर तो तीस वातावरणें होतो. तीस मिलिमीटर व्यासाच्या कांचेवर या दाबाचें एकूण वजन दोनशें किलोहून अधिक भरतें. म्हणजे तीन धडधाकट माणसें त्या रुपयाएवढ्या कांचेवर उभीं राहिलीं असें समजावें. हें वजन सहन होतें कीं नाहीं हें अंदाजानें ठरत नाहीं. पाणबुड्यांच्या घड्याळांसाठीं आयएसओ ६४२५ हें आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्याप्रमाणें घड्याळ नुसत्या लिहिलेल्या खोलीच्या दाबावर नव्हे, तर त्याच्या सव्वापट दाबावर पाण्यांत ठेवून पाहावें लागतें. नंतर तें चाळीस-पंचेचाळीस अंशांवर तापवून कांचेवर थंड पाण्याचा थेंब टाकतात. आंतल्या बाजूस दंव धरलें तर घड्याळ नापास. अंधारांत पंचवीस सेंटिमीटर अंतरावरून वेळ वाचतां आली पाहिजे, आणि कडें चुकून फिरलें तरी पाण्याखालचा उरलेला वेळ जास्त दाखविणार नाहीं अशी तजवीज पाहिजे. हे नियम कोणा लेखनिकाच्या लहरींतून आलेले नाहींत. पाण्याखालीं हवा मोजून घेऊन गेलेल्या माणसाच्या गरजेंतून ते आले आहेत.

यांतलें आमच्या मित्रांच्या टेबलावर काय होतें? झांकण उघडलें, यंत्र बदललें, वॉशरला सिलिकोनचें ग्रीस लावलें, झांकण लावलें. अधिक दक्ष असेल तो गल्लींतल्या घड्याळजीकडे हवेच्या दाबाच्या यंत्रांत घड्याळ ठेवून आणतो. असलीं साधीं यंत्रें पांच-सहा, फार तर दहा वातावरणांपर्यंत जातात. त्या परीक्षेनें पोहण्यापुरता भरंवसा मिळेल. तीनशें मीटरच्या लेखाचें समर्थन होणार नाहीं. त्यांतून अस्सल चावी बसविण्याच्या हव्यासापायीं नळी काढून केसच्या भोकास नवे आटे पाडले असतील, तर पाणी शिरण्याची मुख्य वाटच आपल्या हातानें रुंद केलेली असते. 'पण हें घड्याळ घालून खोल पाण्यांत जातो कोण?' असें यावर हंसून विचारलें जातें. तारकर्लीच्या समुद्रांत सुटीच्या दिवसांत किती हौशी लोक उतरतात तें पाहावें. आणि कोणी जातच नसेल तर तो आंकडा तेथें ठेवण्याचें प्रयोजन काय? जो आंकडा कोणीं तपासला नाहीं व ज्याची हमी कोणी देत नाहीं, तो तबकडीवर शोभेसाठीं ठेवणें म्हणजे रिकाम्या बाटलीवर औषधाची चिठ्ठी चिकटविणें होय.

येथें एक आक्षेप ठरलेला आहे: 'आम्ही हें विकीत नाहीं; स्वतःच्या हौसेसाठीं वापरतों; कोणास फसवीत नाहीं.' कायदा या आक्षेपास पुष्कळसा अनुकूल आहे हें आम्ही मान्य करतों. आपल्याकडील १९९९ च्या व्यापारचिन्ह अधिनियमाच्या १०३ व्या कलमांत सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड सांगितला आहे. पण त्याचा व त्यापुढील कलमाचा रोख खोटें चिन्ह लावणाऱ्यावर आणि तसला माल विकणाऱ्यावर आहे. तथापि हौस स्वतःपुरती असेल, तर अंधारांत चमकणारे ठिपके स्वतःसाठीं असतात, बरोबर चालणारें यंत्र स्वतःसाठीं असतें. तो मुकुट कोणासाठीं असतो? आरशांत पाहून स्वतःलाच फसविण्याइतके हे लोक भोळे नाहींत. शिवाय घड्याळ ही वस्तु मालकापुरती राहत नाहीं. चांगलें यांत्रिक घड्याळ निगा राखल्यास माणसापेक्षां अधिक जगतें. आज ज्यास त्यांतला एकेक भाग कोठून आला तें ठाऊक आहे तो उद्यां तें मित्रास देतो, अडचणींत विकतो, किंवा मागें ठेवून जातो. मुलीच्या हातीं तें येतें तें 'बाबांचें रोलेक्स' म्हणून. ओबडधोबड नक्कल अशा वेळीं स्वतःच आपली जात सांगते. तिचें पितळ पहिलाच घड्याळजी उघडें पाडतो. सुधारलेली नक्कल तसें करीत नाहीं. झांकण उघडावें तर आंत स्विस यंत्र, चावी अस्सल, कांच अस्सल. जितकी मेहनत अधिक, तितका पुढचा मनुष्य अधिक खोल खड्ड्यांत, आणि खड्डा खणणारा 'मीं कोणास फसविलें नाहीं' असें शपथेवर सांगावयास मोकळा.

खरें यंत्र आंत असलें म्हणजे चेहऱ्याची शहानिशा करण्याचें कारण नाहीं, या समजुतीचें एक उदाहरण आपल्याच शहरांत आहे. एचएमटीचें घड्याळ-उत्पादन १९६१ सालीं बंगळूर येथें जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानें सुरू झालें. २०१६ सालीं सरकारनें घड्याळांची ती कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. तेव्हांपासून जुन्या एचएमटीला देशोदेशींच्या संग्राहकांकडून मागणी आली. मुंबईंतून जीं जुनीं घड्याळें बाहेर जातात त्यांत पुष्कळांच्या तबकड्या नव्यानें रंगविलेल्या असतात. मूळ कारखान्यानें स्वप्नांतही न पाहिलेले रंग व चित्रें त्यांवर असतात. संग्राहकांत अशा घड्याळांस 'मुंबई स्पेशल' म्हणतात, आणि तें गौरवानें म्हणत नाहींत. आंत यंत्र खरें असतें, नांवही खरेंच असतें, तरी घेणारा फसतो, कारण तो चेहरा एचएमटीचा नसतो. तबकडी रंगविणाऱ्या कारागिराचा आम्ही द्वेष करीत नाहीं. जुनें पुसून नवें करून देणें ही त्याची भाकर आहे, आणि 'रिडायल केलेलें आहे' असें सांगून विकलें तर त्यांत गैर कांहीं नाहीं. सांगितलें जात नाहीं, तेथें बिघडतें.

सांगणें हाच जर प्रश्न असेल तर न्यायालयांनींही तोच धरला आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढें १९४७ सालीं चॅम्पियन कंपनीच्या जुन्या स्पार्क प्लगांचा खटला आला होता. जुने प्लग दुरुस्त करून मूळ नांवानें विकतां येतील काय, असा वाद होता. न्यायालयानें नांव पुसावयास लावलें नाहीं. पण वस्तु वापरलेली किंवा दुरुस्त केलेली आहे हें तीवर स्पष्ट असलें पाहिजे असें ठरविलें. पुढें २०२१ सालीं तेथील एका अपील न्यायालयानें व्होर्टिक नांवाच्या छोट्या कंपनीच्या बाजूनें निकाल दिला. ही कंपनी हॅमिल्टनच्या जुन्या खिशांतल्या घड्याळांचीं यंत्रें व तबकड्या घेऊन त्यांस नवीं केसें करी आणि मनगटी घड्याळें बनवी. तबकडीवर हॅमिल्टनचें जुनें नांव तसेंच राही. पण काय जुनें, काय नवें, आणि हें कोणीं केलें, हें ती सांगे. दोन्हीं खटल्यांत वस्तूचा गाभा मूळ मालकाचा होता, आणि तरीही कबुलीची अट सुटली नाहीं. ज्या नकलेंत मूळ मालकाचें कांहींच नाहीं तिला त्याहून अधिक सवलत कोणत्या न्यायानें मिळावी?

आतां कंपन्यांविषयीं दोन शब्द, नाहीं तर आम्ही त्यांची वकिली करतों असा समज होईल. मोठ्या घड्याळकंपन्यांचा व्यवहार निर्मळ आहे असें आमचें मत नाहीं. सुटे भाग स्वतंत्र कारागिरांस न देणें, प्रत्येक दुरुस्ती आपल्याच दारीं ओढणें, हा त्यांचा रिवाज आहे. ईटीए ज्या स्वॉच समूहाची, त्यानें २००२ सालींच दुसऱ्या कंपन्यांस अर्धीं यंत्रें देणें थांबविण्याचा मनोदय जाहीर केला, आणि स्विस स्पर्धा-आयोगास मध्यें पडावें लागलें. दुरुस्ती करणाऱ्यांच्या संघानें सुट्या भागांविषयीं युरोपीय आयोगाकडे २००४ सालीं तक्रार केली. ती अनेक वर्षें रेंगाळून २०१४ सालीं फेटाळली गेली, आणि २०१७ सालीं न्यायालयानें तो निर्णय कायम केला. पन्नास वर्षें घड्याळें दुरुस्त केलेला म्हातारा कारागीर एका चावीसाठीं ताटकळत बसतो, हें आम्हांस अन्यायाचें वाटतें. पण ही तक्रार खऱ्या घड्याळाच्या मालकाची आणि त्याच्या कारागिराची आहे. नकलेच्या मालकानें ती उसनी घेऊन आपल्या बचावास लावूं नये. विशेषतः जी थोडी अस्सल चावी वा कांच बाजारांत फिरते तीच जेव्हां तो नकलेसाठीं उचलतो, तेव्हां त्या म्हाताऱ्या कारागिराच्या वाट्याचेंच तो नेत असतो. आणि किमती भरमसाट आहेत म्हणावें, तर त्या भरमसाट किमतींचा दरारा ज्या मुकुटांत आहे तोच मुकुट स्वतः लावून हिंडणें हा निषेधाचा चमत्कारिक प्रकार झाला.

तीच कला निष्कपटपणें दाखवावयाची असेल तर मैदान मोकळें आहे. सैको कंपनीचें एसकेएक्स ००७ हें पाणबुड्यांचें घड्याळ १९९६ पासून २०१९ पर्यंत निघत होतें. दोनशें मीटरचें, वरील मानकास उतरलेलें, आणि सामान्य माणसाच्या आवांक्यांतलें. त्यांतील ७एस२६ हें यंत्र कष्टाळू पण ओबडधोबड. त्यास हातानें चावी देतां येत नाहीं, आणि वेळ लावतांना सेकंदकांटा थांबत नाहीं. हौशी लोक तें काढून त्याच कुळांतलें एनएच३६ बसवितात. मग चावीही देतां येते आणि कांटाही थांबतो. तबकडीवर सैको, आंत सैको, आणि बदल कोणी विचारल्यास सांगण्यासारखा. अर्थात् झांकण एकदां उघडल्यावर त्या दोनशें मीटरांचीही पुन्हां परीक्षा करून घ्यावी लागते, हें आमच्या सैकोभक्त मित्रांनींही विसरूं नये.

आणि ज्यांनीं नकलेंत २८३६ आधींच घातलें आहे, त्यांनीं तें फेंकून द्यावें असें आम्ही म्हणत नाहीं. यंत्र उत्तम आहे. या जातीच्या यंत्रांवर बसणाऱ्या कोऱ्या तबकड्या, कांटे, साधीं केसेंही स्वतंत्र मिळतात, आणि ज्यानें यंत्र बदललें त्यास तबकडी बदलणें हें एका दुपारचें काम आहे. तबकडीवर हवें तर स्वतःचें नांव घालावें, हवें तर तारीख घालावी, नाहीं तर ती कोरी ठेवावी. खोलीचा आंकडा मात्र ज्या दाबावर खरोखर परीक्षा झाली असेल तेवढाच असावा, आणि परीक्षा झाली नसेल तर मुळींच नसावा. चावी बिनमुकुटाची घेतली कीं पैसेही पुष्कळ वांचतात. त्यांत नव्या वॉशरांचा आणि दाबाच्या परीक्षेचा खर्च सहज निघतो.